बट्टा कोणी सोसायचा?



मुखेडसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेतही आता एक वाद ऐकू येऊ लागला आहे. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड पुढे करते आणि दुकानदार म्हणतो, "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील." गिऱ्हाइकाला ही लूट वाटते, दुकानदाराला गिऱ्हाइकाचा हट्ट वाटतो. या भांडणात ज्याची कमाई होते, तो तिसरा पक्ष मात्र दुकानात उभाच नसतो.

निजामी राजवटीत हाली शिक्का देऊन कळदार रुपया घेताना बट्टा द्यावा लागे, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. आजचा बट्टा तिघे वाटून घेतात : कार्ड देणारी बँक, दुकानात यंत्र बसविणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी. समजा, कृषी सेवा केंद्रात दहा हजारांचा फवारणी पंप विकला गेला आणि दुकानदाराला ५०० रुपये सुटले. दोन टक्क्यांप्रमाणे २०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये कापले गेले, तर त्याची जवळजवळ निम्मी कमाई गेली. म्हणून तो अधिभार मागतो. त्याला सरसकट नफेखोर ठरविणे अन्यायाचे होईल.

परंतु अधिभार हा न्याय्य मार्ग आहे काय? डेबिट कार्डावर अशी जादा आकारणी करणे दुकानदार व बँक यांच्यातील कराराविरुद्ध आहे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले आहे. जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारासाठी डेबिट कार्डाच्या यंत्रावरील शुल्काला ०.४० टक्क्याची मर्यादा आली. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय यांवर दुकानदाराला शुल्कच नाही. तेव्हा या व्यवहारांवर जो अधिभार घेतो, तो न झालेला खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. अशा वसुलीचे समर्थन आपण करता कामा नये.

क्रेडिट कार्डाच्या शुल्काला मात्र अशी सर्वसाधारण कमाल मर्यादा नाही. तेथे दुकानदार बहुधा गुपचूप सर्वच मालाचे भाव थोडे वाढवितो. खरा अन्याय येथेच सुरू होतो. ऊसतोडीची उचल घेऊन तांड्यावरचा मजूर रोखीने किराणा नेतो. त्याला बँक क्रेडिट कार्ड देत नाही. पण वाढलेला भाव तोही देतो. कार्डधारकाला जे बक्षिसाचे गुण मिळतात, त्यांचा काही भार अशा रीतीने मजुराच्या पिशवीतून वसूल होतो. गरिबाने श्रीमंताला दिलेले हे अनुदान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

छोट्या दुकानदारांना माझे सांगणे साधे आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड विनाशुल्क स्वीकारा. क्रेडिट कार्डाचे यंत्र घेण्यापूर्वी करार वाचून घ्या आणि दर लेखी मागा. तो परवडत नसेल, तर "क्रेडिट कार्ड स्वीकारत नाही" अशी पाटी लावण्यात कमीपणा नाही. स्वीकारणार असाल, तर तो खर्च धंद्याचा खर्च माना. बिल करताना ऐनवेळी गिऱ्हाइकावर लादू नका.

पण एकेका दुकानदाराच्या शहाणपणाने प्रश्न सुटणार नाही. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याने का द्यावी, हा प्रश्न आपल्या राज्यात वर्षानुवर्षे लढविला गेला, तेव्हा कुठे २०१६ साली तो भार खरेदीदाराकडे वळला. मध्यस्थाचा मोबदला कोणाच्या माथी मारायचा, हे बाजार आपोआप ठरवीत नाही. ज्याची ताकद जास्त, तो ठरवितो. युरोपीय संघाने २०१५ साली कायदा करून दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यावयाचे शुल्क क्रेडिट कार्डासाठी ०.३० आणि डेबिट कार्डासाठी ०.२० टक्क्यांवर बांधून टाकले. भांडवलशाही देशांना जे जमले, ते आपल्याला अशक्य नाही.

म्हणून छोट्या दुकानदारांसाठी क्रेडिट कार्डाच्या शुल्कालाही कमाल मर्यादा हवी, ही मागणी पक्षाने हाती घ्यावी. कार्यकर्त्यांनी दुकानोदुकानी जाऊन कपातीची विवरणे गोळा करावीत आणि ती निवेदनासोबत रिझर्व्ह बँकेकडे व खासदारांकडे पाठवावीत. दुकानदार आणि मजूर हे दोघेही एकाच बट्ट्याचे धनी आहेत, हे त्यांना पटवून देणे हे आपले पहिले काम आहे.