पदवीआधीचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : किती टक्के पडले? त्याच्यामागे उभा असलेला दुसरा प्रश्न मात्र सहसा उच्चारला जात नाही. आणखी तीन-चार वर्षे हा मुलगा कमावणार नसेल, तर घर कसे चालायचे? महाविद्यालयात जायचे की नाही, याचा निर्णय असंख्य कुटुंबांत या दुसऱ्या प्रश्नावरच होतो. गुणपत्रिका केवळ निमित्त ठरते. दोन एकर कोरडवाहू शेतीच्या घरात वयात आलेला मुलगा म्हणजे दोन राबते हात. त्या हातांतील विळा काढून घेऊन पुस्तक देणे व्यासपीठावरून वाटते तितके सोपे नाही. ‘याला शिक्षणाची आवडच नाही’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्या घरची चूल पाहून यावी.

ही चूल ज्यांनी नीट पाहिली, ते कर्मवीर भाऊराव पाटील. गंमत अशी की, महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना महाविद्यालयाची वाट दाखविणारा हा पुरुष स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता. कधी ओगल्यांच्या काच कारखान्याचा, कधी किर्लोस्करांच्या नांगराचा विक्रेता म्हणून ते गावोगाव फिरले. त्या भ्रमंतीत त्यांना जे दिसले, त्यातून १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही त्याच कामी आले. कर्मवीरांचे पुतळे गावोगावी उभे राहिले. या माउलीचे नाव मात्र अभावानेच घेतले जाते.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर श्रम करायचे आणि त्या श्रमांतून आपल्या शिक्षणाचा भार उचलायचा. योजनेचे मर्म तिने वाचविलेल्या पैशांपेक्षा खोल होते. घर आणि महाविद्यालय यांपैकी एकाचीच निवड करण्याचा पेच तिने सोडविला. बापापुढे हात पसरावा लागला नाही, म्हणून मुलाची मान ताठ राहिली. आणि शिकला म्हणून श्रमाची लाज वाटेनाशी झाली. त्याच वसतिगृहाच्या पंक्तीत जेवलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९५९ साली, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्माननीय डी. लिट. दिली.

‘शिकून फायदा काय?’ असे आता पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे पदवीधरांच्या रांगा पाहून शेंबडे पोरही सांगेल. ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याला लवकर मिळवते व्हायचे आहे, त्याने आयटीआयची वाट धरली तर त्यात कमीपणा कसला? परंतु फायद्याचे मोजमाप केवळ पहिल्या पगारावर करणे ही दृष्टी तोकडी आहे. घरातील पहिला पदवीधर बँकेच्या कर्जाच्या अटी वाचून दाखवितो, सातबारावरील नोंद तपासतो, रुग्णालयातील कागदावर आई अंगठा उमटविण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते तिला सांगतो. धाकट्या भावंडांना अर्ज कोठे करायचा, शिष्यवृत्ती कोणती, हे कोणाच्या दारात जाऊन विचारावे लागत नाही. हा लाभ कोणत्याही वेतनचिठ्ठीवर छापला जात नाही.

वय निघून गेले, अशी सबब सांगणाऱ्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र चाळावे. कोकणातील मुरूडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी डोंगर तुडवीत पायी साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष लागून गेले होते. विवाह त्यापूर्वीच झालेला. मुंबईत शिकवण्या करीत त्यांनी १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे १९१६ मध्ये याच गृहस्थांनी महिला विद्यापीठ स्थापन केले.

आजच्या विद्यार्थ्याला तर अनेक दारे उघडी आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कमावत्यांना शिकवीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक सोय केली. अडचणीमुळे मध्येच थांबावे लागले, तर एका वर्षाच्या अभ्यासाचे प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका पदरात पडू शकते. मिळविलेले श्रेयांक जमा राहतात आणि ठरावीक मुदतीत परतून पुढचा अभ्यास करता येतो. पूर्वी दुसऱ्या वर्षी घरी परतलेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नसे.

मुलींचा प्रश्न थोडा निराळा आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले. तरीही खाणावळीचे पैसे उरतात आणि ‘एवढ्या लांब एकटी कशी ठेवायची?’ ही आईची धास्तीही उरते. ती भाषणाने जाणार नाही. मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का, तेथे रात्री कोण असते, महाविद्यालयापासून ते किती अंतरावर आहे, सायंकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते, याची चौकशी प्रवेशाच्या मुदतीपूर्वी वडिलांनी स्वतः जाऊन करावी. आणि जाताना मुलीलाही बरोबर न्यावे.