फ्रेंड रिक्वेस्ट आणि दारावरची बेल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात मैत्री करायची पद्धत किती बदलली, त्याबद्दल थोडं बोलते.

२००४ साली ऑर्कुट आलं. तेव्हाची आपली कॉलेजातली मुलं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायची. कोणाला किती मित्र, हे आकड्यात दिसायला लागलं आणि चढाओढ सुरू झाली. मित्राच्या मित्राचा मित्रसुद्धा चालायचा! २००६ मध्ये फेसबुक सगळ्यांना खुलं झालं. पुढे आपण मोठी माणसंही तिथे पोचलो. शाळेत एका बाकावर बसणारी मैत्रीण तीस वर्षांनी सापडली, तो आनंद काही खोटा नव्हता.

फेसबुकवर पाच हजार मित्र करता येतात. रॉबिन डनबार हे ब्रिटिश अभ्यासक मात्र म्हणतात, माणसाला साधारण दीडशे जणांशीच खरे संबंध सांभाळता येतात. २००९ सालीच 'अनफ्रेंड' हा एका अमेरिकन शब्दकोशाचा 'वर्षाचा शब्द' ठरला. म्हणजे जोडता जोडता तोडणंही आलंच. इन्स्टाग्रामवर तर मित्र नाहीतच, फॉलोअर! आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर असला की कोणीही घालायचं; ते थांबवायची सोय २०१९ मध्ये आली. २०२० मध्ये फेसबुकने भारतात प्रोफाइलला कुलूप लावायची सोय दिली.

हे कुलूप जरूर लावा. ओळखीच्या माणसाचा फोटो लावून भामटे नवीन प्रोफाइल काढतात, रिक्वेस्ट पाठवतात आणि दोन दिवसांनी 'अर्जंट पैसे पाठव' म्हणतात. ज्येष्ठ मंडळींनो, पैसे पाठवण्याआधी त्या माणसाला त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावा, आवाज ऐका. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. घरच्यांपासूनही लपवू नका.

पण एक सांगू? प्रोफाइलचं कुलूप आता आपल्या जिन्यातही आलंय. नवं बिऱ्हाड आलं की नंबर ग्रुपमध्ये ॲड होतो, आपण हात जोडल्याचं चित्र टाकतो, झालं स्वागत! वर्षभरानेही ते आपल्यासाठी 'तीनशे दोनवाले'च असतात. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखायला लागलं, तर ग्रुपवरचा मेसेज सकाळी वाचला जाईल. बेल मात्र लगेच ऐकू येते. पण ती वाजवायला संकोच वाटू नये, इतकी ओळख आधी हवी ना?

म्हणून एकच विनंती. नवं कुटुंब आलं की आठवड्याभरात शेजारच्यांनी बेल वाजवून नाव विचारावं, दूधवाला-कामवाल्या ताईंचा नंबर द्यावा. भाडेकरू असले तरीही.

आता जेवणं आहेत. ज्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांच्या शेजारी आज पान मांडा. ही रिक्वेस्ट मात्र सगळ्यांनी ॲक्सेप्ट करा!