नाताळची आशा आणि घरचा संसार

(मंडळाच्या नाताळमेळाव्यात दिलेले भाषण)



नाताळ येतो तेव्हा आपल्या मावळात भाताची झोडणी उरकलेली असते, लोणावळ्यास थंडी उतरलेली असते, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या दारावर कागदी तारे लागतात. शेजारणी करंज्या लाटावयास येतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, घरात आनंदीआनंद आहे. पण जेथे नवराबायकोत धड बोलणे नाही, तेथील बाईला हाच सण सर्वांत जड जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. तारा बाहेर पेटलेला आणि आत कोणी कोणाशी बोलत नाही, असे काही नाताळ मीही काढले आहेत.

अशा वेळी आशा धरावी म्हणजे काय करावे? ‘सोशीत राहा, देव पाहतो आहे’ एवढाच तिचा अर्थ मला कधी पटला नाही.

नाताळची कथाच पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, की योसेफ मरीयेला गुपचूप सोडून देणार होता. स्वप्नात दूताने सांगितले, तेव्हा त्याने तिला घरी आणले. घर राखण्याचे ओझे एकट्या मरीयेवर पडले नाही. योसेफालाही आपले मन बदलावे लागले.

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली असतील. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. टिळक थोर कवी, पण रागीट, आणि हाती पैसा न टिकणारे. बाईंनी हे लपविले नाही. हसत हसत लिहून ठेवले. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण त्याचा धर्म लगेच घेतला नाही. सोवळे पाळले, स्वतः विचार केला, आणि पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले; त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुढे नेले. प्रेम त्यांनी सोडले नाही, पण बुद्धीही गहाण ठेवली नाही. आशा म्हणतात ती मला येथे दिसते.

मात्र जेथे मारहाण आहे, तेथे लक्ष्मीबाईंचा दाखला देऊन कोणा बाईला कोंडून ठेवू नये. १८६९ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती बाईला केवळ छळाच्या कारणावरून घटस्फोट मागता येत नसे. २००१ च्या दुरुस्तीने तो भेद गेला. २००५ च्या कायद्याने तर कोणत्याही धर्माच्या बाईला छळापासून संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. हा हक्क मागणारी बाई देवावरचा विश्वास सोडते, असे मी मुळीच मानीत नाही.

माझ्यापुरते सांगावयाचे, तर एका शेजारणीने फराळाचे ताट परत देताना विचारले, “तुझे बरे आहे ना ग?” तिने उपदेश केला नाही, घटकाभर बसून ऐकून घेतले. मग मला धीर आला. आमच्या मंडळीतील दोन वडीलधाऱ्या माणसांना मी घरी बोलावले आणि त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसविले. सारे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. परंतु बोलणे सुरू झाले, आणि चूल व मन दोन्ही पुन्हा पेटली.

बेथलेहेमात मरीयेला उतारशाळेत जागा मिळाली नाही. आपल्या मंडळात तरी अशा बाईला जागा असावी. मग ती ख्रिस्ती असो, हिंदू असो की मुसलमान. फराळ देऊन दारातूनच परत फिरू नका. आत या, बसा, विचारा. एवढे केलेत तर माझे चार शब्द कारणी लागले, असे मी समजेन.