टायफॉइडचा व्हर्जन नंबर

मी मूळचा कवठे महांकाळचा, काम सॉफ्टवेअरचं. गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप आला. आईने मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. पाचव्या दिवशी विडाल केली, टायफॉइड निघाला. ताप काही उतरेना. शेवटी सांगलीला अ‍ॅडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागली. जंतू नेमका कुठला होता? कधीच कळलं नाही.

खरं तर हे कळू शकतं. टायफॉइडच्या जंतूचा जीनोम साधारण 48 लाख अक्षरांचा. तो वाचून प्रकाराला नंबर देतात, अगदी आपल्या व्हर्जन नंबरसारखा: 4.3.1, त्याच्या फांद्या 4.3.1.1 आणि 4.3.1.2. भारतात याच 4.3.1 कुळाचं राज्य. एका जनुकात एक अक्षर बदललं तरी सिप्रोफ्लॉक्सासिनचा असर घटतो. 2016 पासून पाकिस्तानच्या सिंधमध्ये 4.3.1.1 ने आणखी पुढची मजल मारली: दुसऱ्या जंतूकडून प्लाझमिड, म्हणजे तयार प्लगइनच उचललं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालेना.

पण वाचायला आधी जंतू हातात हवा. विडाल फक्त अँटिबॉडी बघते. जंतू मिळतो ब्लड कल्चरमध्ये. आधीच गोळ्या घेतल्या, तर तिथेही तो उगवायची शक्यता कमी. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना टायफॉइडची लस दिली, तेव्हा लसीचा उपयोग मोजायलाही कल्चरच लागलं.

म्हणून एवढंच सांगतो: ताप लांबला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, "कल्चर करायचं का?" आम्ही विचारलं नव्हतं.