यंत्र बंद पडल्यावर कोण उतरणार?

(गिंडी, चेन्नई येथे जमलेल्या महाराष्ट्रातील महापालिका व नगरपालिका कामगारांच्या प्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



आपण मुंबई, ठाणे, सोलापूर, नागपूर अशा दूरदूरच्या गावांहून येथे आला आहात. ज्या गिंडीत आपण बसलो आहोत तिचे नाव यंत्रविद्येशी फार पूर्वीपासून जोडलेले आहे. १७९४ साली मद्रासमध्ये भूमापन शिकवणारी एक शाळा निघाली, तिचेच पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९५८ साली येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. गिंडीच्या राखीव जंगलाला लागून १९५९ साली आय.आय.टी. आली. आणि याच मद्रास शहरात १९१८ साली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली, जिला देशातली पहिली संघटित कामगार संघटना म्हणून मान आहे. तेव्हा यंत्र आणि कामगार या विषयावर बोलायला याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

विषय आहे यंत्रमानवांचा. वर्तमानपत्रांत यंत्रमानव म्हटले की मोटारींच्या कारखान्यातले झगमगीत चित्र येते. आम्ही बोलणार आहोत ते गटारात उतरणाऱ्या यंत्राबद्दल, आणि ते उतरले नाही तर त्याच्या जागी उतरणाऱ्या आपल्या भावाबद्दल.

माणूस गटारात का उतरतो हे आपल्याला सांगायला नको, पण जे या खात्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सेप्टिक टाकीचा वरचा पातळ मैला सक्शन गाडी ओढून घेते. तळाचा गाळ मात्र वर्षानुवर्षे बसून घट्ट होतो. तो पंपाला ओढला जात नाही. मग कुणीतरी आत उतरून तो फोडायचा, ढवळायचा. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी दबा धरून बसतो. थोडा असेल तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटते धोका टळला. आणखी वाढले की दोनचार श्वासांत शुद्ध हरपते. वरचा सोबती त्याला काढायला धावतो आणि तोही आतच राहतो. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन मृत्यू का होतात याचे उत्तर एवढेच आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की दुसरा माणूस मेला तो पहिल्याला वाचवायला गेला म्हणून.

याच घट्ट गाळाच्या प्रश्नावर येथील आय.आय.टी.त प्राध्यापक प्रभू राजगोपाल यांच्या चमूने ‘होमोसेप’ नावाचे यंत्र तयार केले. फिरती पाती टाकीत सोडायची, गाळ घुसळून पातळ करायचा आणि मग त्याच यंत्राने तो ओढून घ्यायचा. माणूस वर उभा. एका विद्यार्थ्याच्या अभ्यासप्रकल्पातून ही कल्पना निघाली आणि पुढे ‘सोलिनास’ या कंपनीने ती हाती घेतली. २०२२ साली पहिली दोन यंत्रे सफाई कर्मचारी आंदोलनाच्या मदतीने बचत गटांना देण्यात आली. त्या गटांच्या पुढारी स्त्रियांचे पती हेच काम करताना गेलेले होते. तमिळनाडूत दहा यंत्रे नेण्याचा बेत तेव्हा जाहीर झाला आणि गुजरात व महाराष्ट्राचाही विचार चालू असल्याचे सांगितले गेले. त्याआधी २०१८ साली शेजारच्या केरळात तरुण अभियंत्यांच्या ‘जेनरोबोटिक्स’ने ‘बँडिकूट’ हे मॅनहोल साफ करणारे यंत्र आणले होते. त्याचा एक भाग वर रस्त्यावर राहतो, दुसरा हातापायांसह आत उतरतो, कॅमेऱ्याने पाहतो आणि बादलीने गाळ वर काढतो.

म्हणजे यंत्र आहे. आपल्याच देशात, आपल्याच गटारांकडे पाहून बनवलेले आहे. मग माणसे अजून का मरतात?

थोडा हिशेब पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने २४३ शहरांसाठी सफाईमित्र सुरक्षा आव्हान जाहीर केले. मॅनहोलला यापुढे मशीनहोल म्हणायचे ठरले आणि एप्रिल २०२१ अखेरची मुदत घातली गेली. नाव बदलले, मुदत उलटली. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मेली. हा नोंद झालेला आकडा आहे. ती माणसे कोणत्या समाजातली होती हेही सरकारी नोंदीच सांगतात. ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार व टाकी सफाई कामगारांची नोंद झाली, आणि त्यांतले सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले.

आमचे म्हणणे असे की, यंत्र विकत घेणे आणि यंत्र चालू ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फीत कापली जाते, फोटो निघतो. दुसरीत रोज सकाळी हजेरी घ्यावी लागते.

समजा एका शहराने दहा यंत्रे घेतली. कागदावर ताफा दहाचा. प्रत्यक्षात दोन दुरुस्तीला गेलेली, कारण सुटे भाग परगावाहून यायचे आहेत. एक उभे आहे, कारण शिकवलेल्या चालकाचे कंत्राट संपले. एक अरुंद गल्लीत शिरत नाही. उरली सहा. त्याच दिवशी पाऊस येतो आणि वीस ठिकाणी मॅनहोल तुंबतात. नगरसेवकाचे फोन सुरू होतात. अशा वेळी चौदा ठिकाणी काय होते? मुकादम नाक्यावर जातो आणि दोन माणसे घेऊन येतो. त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नसतात. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्रांचा ताफा किती मोठा हे विकत घेतलेल्या संख्येवरून मोजू नका. ज्या दिवशी यंत्र बंद पडले त्या दिवशी कोण आत उतरले, यावरून मोजा.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने गटार व टाकीची धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच वर्षीच्या नियमांत अपवाद ठेवले आहेत. अगदीच आवश्यक असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने लेखी कारणे नोंदवून परवानगी दिली की माणूस उतरवता येतो. बंधूंनो, ही फट बारीक दिसते, पण यंत्र नादुरुस्त असणे हेच कारण तीत घालता आले तर बंदी कागदावरच राहील. प्रत्यक्षात तर लेखी परवानगीची तसदीही कुणी घेत नाही. तोंडी हुकूम असतो, आणि तोंडी हुकमाला सही नसते.

न्यायालयांनी आपले काम केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खाजगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख द्यावेत असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई आणि चेन्नईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. पण न्यायालय चौकीवर येऊन यंत्रात तेल घालणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

आपल्यातले काही जण विचारतात, यंत्र आले तर आमच्या नोकरीचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला कुणी मागासलेला म्हणू नये. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला तो सुधारणेच्या नावाखाली होणाऱ्या कपातीविरुद्ध. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत असे मालक म्हणत होते, आणि मग उरलेला विणकर घरी जाणार होता. साच्याशी त्यांचे वैर नव्हते. साच्याचा फायदा कुणाच्या खिशात जातो, हा त्यांचा प्रश्न होता. आजही तोच आहे. फरक एवढाच की विणकाम हे अभिमानाने करायचे काम होते. मैल्यात उतरणे हे काम टिकवण्यासाठी आम्ही लढणार नाही. ते आजच संपले तर आम्ही पेढे वाटू. आम्हाला टिकवायचा आहे तो कामगार, त्याचा पगार आणि त्याच्या मुलांची शाळा.

यंत्र कुणाचे, याचे काही प्रयोग झाले आहेत. हैदराबादेत २०१७ साली अरुंद गल्लीत जाणारी सत्तर लहान जेटिंग यंत्रे दलित उद्योजकांमार्फत चालवायला दिली गेली. दिल्लीत २०१९ साली अशी दोनशे यंत्रे निघाली. बँकेचे कर्ज आणि जलमंडळाचे कंत्राट अशी ती योजना होती. ज्याच्या बापाने मैला उपसला त्याच्या हाती मालकीची किल्ली आली, ही लहान गोष्ट नाही आणि तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु दोनशे यंत्रे आली तरी त्यानंतरच्या वर्षांत दिल्लीत गटारात माणसे मेलीच. शिवाय एका यंत्राचा मालक हा एकटा असतो. त्याचे बिल थकले तर हप्ता थकतो, हप्ता थकला तर यंत्र जाते, आणि त्याच्या हाताखालचा मदतनीस तर पुन्हा बिननोंदीचाच. मालकी दिली म्हणून महापालिकेची जबाबदारी संपत नाही.

म्हणून आपापल्या गावी परतल्यावर प्रशासनापुढे पाच गोष्टी ठेवाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

पहिली, यंत्राच्या खरेदीबरोबरच राखीव यंत्रे, सुटे भाग आणि दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला पाहिजे. दुरुस्तीचे ठिकाण शहरातच हवे.

दुसरी, यंत्राचा चालक हा आजचाच सफाई कामगार असला पाहिजे. त्याला प्रशिक्षण त्याच्या भाषेत, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचा पूर्ण पगार.

तिसरी, चालकाची जागा कायम हवी. मुंबईच्या कचरा वाहतूक कामगारांनी वर्षानुवर्षे कोर्टकचेरी केली, तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जणांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. नव्या यंत्रावर जुनेच कंत्राट आम्हाला नको.

चौथी, प्रत्येक यंत्राची रोजनिशी चौकीवर टांगलेली असावी. किती तास चालले, कुठे चालले, कधी बंद पडले, त्या वेळी काम कसे झाले. ती वाचण्याचा हक्क युनियनच्या प्रतिनिधीला असावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची. यंत्र बंद असेल तर झाकण बंद. दुसरे यंत्र येईपर्यंत रस्ता तुंबेल, वास सुटेल, तक्रारी येतील. येऊ द्या. रस्ता धुता येतो. माणूस परत आणता येत नाही.

ही पाचवी अट पाळण्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. उद्यापासून आपल्या चौकीवर मुकादमाने तोंडी हुकूम दिला तर चौघांनी मिळून एवढेच म्हणायचे, साहेबांची सही आणा. एकट्याने म्हटले तर त्याचा खाडा लागेल. चौघांनी म्हटले तर सही करायला कुणी पुढे येणार नाही, कारण सही करणाऱ्याला कलम सात माहीत असते. आणि नाक्यावरून आणलेला जो अनोळखी भाऊ झाकणापाशी उभा असेल, तो आपल्या युनियनचा सभासद नाही म्हणून मान फिरवू नका. त्याचा हात धरून त्याला मागे ओढा. आधी तो घरी जाऊ दे, सभासदत्वाची पावती नंतर फाडता येईल.

पहिल्या दोन यंत्रांपाशी ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या त्यांच्या घरी यंत्र पोचले ते उशिरा. आपल्या चौकीवर ते वेळेत पोचावे, आणि पोचल्यावर चालू राहावे, एवढ्यासाठी ही सभा आहे.