ताईच्या शेजारी बसा



बालविकासाची पदवी घेऊन तुम्ही आज बाहेर पडता आहात. तुमच्यातल्या बऱ्याच जणी लवकरच पाळणाघरांच्या समन्वयक म्हणून रुजू होतील. कुणी कंपनीच्या पाळणाघरात, कुणी बांधकामावरच्या, तर कुणी परीक्षा देऊन अंगणवाडीच्या बीटवर पर्यवेक्षिका म्हणून जाईल. तुमच्या हाताखाली ज्या ताया असतील, त्यातल्या कित्येक वयाने तुमच्या आईएवढ्या असतील. त्या दहावी-बारावी शिकलेल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या. त्यांनी जेवढी मुलं अंगाखांद्यावर खेळवली, तेवढी तुम्ही अजून पाहिलेलीही नाहीत. आणि त्यांना पुढे शिकतं ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल.

पुण्याच्या बांधकामांवरच्या पाळणाघरांत मी उमेदीची वर्षं काढली. त्यातून माझी जी खात्री झाली, ती सांगते. ताई शिकते ती मुलांच्या खोलीत. हॉलमधल्या प्रशिक्षणातून उत्साह मिळतो, फाइल मिळते, चार नवी गाणी मिळतात. पण सोमवारी सकाळी खोलीत मुलं रडत असतात, मदतनीस आलेली नसते, आणि ती फाइल कपाटात असते. त्या सोमवारी तिच्या शेजारी कुणी बसलं, तरच प्रशिक्षण पुढे सरकतं.

बहुतेक भेटी कशा होतात, ते तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलं असेल. मॅडम येतात, हजेरीपट पाहतात, वजनाच्या नोंदी पाहतात, खाऊचा साठा मोजतात, सही करतात. ताई मुलांना रांगेत बसवून गाणं म्हणून दाखवते. नोंदी लागतातच, त्या नीट ठेवा. पण सगळी सकाळ त्यातच गेली, तर मुलांकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

एका केंद्रावर दीड वर्षांचा एक मुलगा इतर मुलांना चावायचा. आया भांडायला यायच्या. 'फार हट्टी आहे, मॅडम, याला ठेवू नका,' ताई म्हणाली. कोपऱ्यात बसवणं, रागावणं, सगळं करून झालं होतं. समन्वयकाने उपाय सांगितला नाही. तिने ताईला एक साधी वही दिली आणि चावल्यावर तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ, जागा, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. ताईला मुलांतून उठता येईना, तेव्हा नोंद समन्वयकाने केली. दुपारी मुलं गोधड्यांवर झोपली की दोघी वही उघडून बसायच्या. आठवडा संपायच्या आत ताईच म्हणाली, 'हे सगळं खिचडीच्या आधी होतंय. हात धुवायला सगळी एकदम मोरीशी जातात, त्या गर्दीत हा सापडतो. याला अजून बोलता येत नाही, ढकलू नको म्हणणार कसं?' दुसऱ्या दिवसापासून तिने चार-चार मुलांना हात धुवायला न्यायला सुरुवात केली, आणि या मुलाला सगळ्यात आधी. चावणं कमी होत गेलं. पुढच्या मासिक सभेत बाकीच्या तायांपुढे ती स्वतः उभी राहून हे बोलली, वही हातात धरून. समन्वयक मागे बसून ऐकत होती. त्या सभेनंतर दुसऱ्या दोन केंद्रांतल्या तायांनी वही मागून घेतली.

पाहणं, लिहिणं, त्यावर बोलणं, बदल करून पुन्हा पाहणं. यात महागडं काही नाही, पण वेळ लागतो. आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प बसावं लागतं. नवी पदवी हातात असताना हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जाईल.

मुलांच्या खोलीतच शिकण्याची ही रीत महाराष्ट्राला नवीन नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. अनुताई आधीपासून शिक्षिका होत्या. पण गावातल्या लहान मुलांबरोबर काम करायला त्या शिकल्या ते ताराबाईंबरोबर रोज काम करता करताच. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शाळेत यायच्या, म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवण्याची पद्धत बसली. बिया, शिंपले, पानं हीच शिकवण्याची साधनं झाली. समोरच्या मुलांकडे पाहूनच हे सुचलं.

आता समोर बसलेल्या संस्थाचालकांना आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींना दोन शब्द. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं, हेही त्यात आलं. खोली तुम्ही बांधता, भिंतीवर ससे-हत्ती रंगवता. पण त्या खोलीतल्या ताईला शिकायला वेळ कोणता? मुलं आहेत तोवर ती हलू शकत नाही, आणि मुलं गेल्यावर तिला स्वतःच्या घरी स्वयंपाक असतो. शनिवारी अर्धा दिवस प्रशिक्षणाला बोलावता, त्याचा पगार देत नाही, आणि 'तायांना आवड नाही' असं म्हणता. मला हे अन्यायाचं वाटतं.

म्हणून मुलींनो, आणि या तुकडीतल्या मोजक्या मुलग्यांनो, नेमणुकीच्या मुलाखतीत पगाराचं बोलून झालं की आणखी दोन गोष्टी विचारा. तायांच्या शिकण्याचे तास कामाच्या वेळेत धरले जातात का? आणि एखादी ताई दुसरं केंद्र पाहायला गेली, तर तिच्या जागी बदली ताई मिळते का? उत्तर 'नाही' असेल तरी नोकरी घ्या, गरज असतेच. मग पहिल्या महिन्यात एक दिवस ठरवून बदली ताई तुम्हीच व्हा. सकाळी मुलं घेण्यापासून संध्याकाळी शेवटची आई येईपर्यंत खोली तुम्ही सांभाळा आणि ताईला दुसऱ्या केंद्रावर पाठवा. ती परत आल्यावर तिने तिथे काय पाहिलं ते आधी ऐकून घ्या, आणि तुमच्या दिवसात काय काय झालं ते तिला सांगा. कार्यालयाला अहवाल पाठवाल तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यात लिहा, आणि खाली बदली ताईची मागणी जोडा.