म्हाताऱ्या तारकागुच्छांची गिरकी



आपल्या आकाशगंगेभोवती दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ आहेत. एकेकात लाखो तारे, आणि बहुतेकांचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त. १९६६ साली आयव्हन किंग यांनी अशा गुच्छांचं जे गणिती प्रारूप मांडलं, त्यात गुच्छ स्वतःभोवती फिरतच नाही असं धरलं होतं. हिशेब सोपा होता, बऱ्याच ठिकाणी जुळायचाही. त्यामुळे हे गुच्छ म्हणजे स्थिर, निवांत गोळे, असं चित्र मनात पक्कं बसलं.

आता ते चित्र बदललं आहे. गुच्छाच्या एका बाजूचे तारे सरासरीनं आपल्याकडे येताना आणि दुसऱ्या बाजूचे दूर जाताना दिसले, तर गुच्छ फिरतो आहे असं समजावं. येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. पण प्रत्येक तारा वाटेल त्या दिशेनंही धावत असतो आणि या धावपळीत फिरण्याचा वेग झाकला जातो. ४७ टुकाने या गुच्छात फिरण्याचा वेग सेकंदाला जेमतेम सहा किलोमीटर, तर धावपळीचा त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणूनच शेकडो तारे मोजावे लागतात. २०१८ मध्ये गाया उपग्रहाची मोजमापं जाहीर झाली, तेव्हा ताऱ्यांचं आकाशातलं आडवं सरकणंही हाती आलं आणि अनेक गुच्छ फिरताना पकडले गेले.

मला यातली खरी मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. तारे जवळून जाताना एकमेकांना ओढतात, वेगाची देवाणघेवाण होते. काही तारे गुच्छ सोडून निसटतात आणि जाताना फिरण्यातला वाटा घेऊन जातात. गिरकी अशी हळूहळू विरते. ज्या गुच्छांत ही घुसळण अजून पुरी झालेली नाही, तेच जास्त फिरताना आढळतात. म्हणजे आज उरलेली गिरकी ही जन्मवेळच्या गिरकीची शिल्लक आहे. ज्या वायूच्या ढगातून हे तारे घडले, त्याबद्दल सांगणारे पुरावे थोडे. त्यांतला हा एक.

नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा या गुच्छांतला सर्वांत मोठा. सुमारे एक कोटी तारे, सतरा हजार प्रकाशवर्षांवर. तो ठळकपणे फिरतो, थोडा चपटाही आहे. आकाशगंगेनं गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा तो गाभा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

मेअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास चित्रा तारा माथ्याच्या दक्षिणेला सर्वांत उंच येतो. तिथून सरळ खाली दक्षिण क्षितिजाकडे या; मुंबईहून हा गुच्छ क्षितिजावर साधारण चोवीस अंशांवर असतो. गावाबाहेर, अंधाऱ्या जागी दुर्बीण घेऊन जा आणि जरूर बघा.